सूचिछिद्र कॅमेरा आणि लिथो फिल्म

भिंगावांचून छायाचित्र घेतां येतें, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. आंतून काळा रंग दिलेला प्रकाशबंद डबा, एका बाजूस सुईचें बारीक छिद्र व समोर फिल्म, एवढाच हा कॅमेरा. खर्च येतो तो फिल्मचा. आणि नवशिक्याच्या हातून पहिल्या कांहीं फिल्म वाया जावयाच्याच. त्यामुळें उत्साह आरंभींच मावळतो. यावर उपाय म्हणून आज लिथो फिल्मची ओळख करून द्यावयाची आहे.

ही फिल्म मूळची छापखान्याची. अक्षरें, रेखाचित्रें व ठिपक्यांचीं चित्रें प्लेटवर उतरविण्यासाठीं ती निघाली. काळें तें काजळासारखें, उरलें तें काचेसारखें. मधली छटा तिला ठाऊकच नाहीं. संगणकावरून थेट प्लेट तयार होऊं लागल्यावर छापखान्यांतील तिचें काम बहुतेक संपलें. तरी ती अद्याप मिळते, आणि छायाचित्रणाच्या तेवढ्याच आकाराच्या फिल्मपेक्षां पुष्कळ स्वस्त पडते.

तिचा मोठा गुण असा कीं, तांबडा प्रकाश तिला दिसत नाहीं. म्हणून तांबड्या दिव्याखालीं ती कापतां येते, डब्यांत बसवितां येते, आणि चित्र उमटतांना प्रत्यक्ष पाहतां येतें. याच कारणानें तांबडीं कौलें चित्रांत काळपट दिसतात व निळें आकाश पांढरें.

आतां थोडा हिशेब. छिद्र व फिल्म यांत 100 मिलिमीटर अंतर असेल तर छिद्राचा व्यास सुमारें 0.45 मिलिमीटर असावा. तें मोठें झालें तर चित्र अस्पष्ट होतें. फार लहान केलें तर प्रकाशकिरण कडांशीं वळून पसरतात व तोच परिणाम होतो. सौम्य डेव्हलपरमध्यें या फिल्मचा वेग सुमारें 6 धरावा. त्या मानानें भर उन्हांत अर्धें मिनिट येतें; परंतु लांबलेल्या वेळांत फिल्मची ग्रहणशक्ति घटते, म्हणून पहिला प्रयोग एका मिनिटानें करावा व दुसरा दोन मिनिटांनीं.

खरी कसोटी पुढेंच आहे. लिथोचा जहाल डेव्हलपर वापरला तर मधल्या छटा नाहींशा होतात. त्याऐवजीं फोटोच्या कागदाचा डेव्हलपर नेहमींपेक्षां पांच-सहा पट पातळ करून घ्यावा. चित्र सावकाश उमटेल. सावलीच्या भागांत तपशील दिसूं लागला, आणि उजेडाचा भाग अजून भरून गेला नाहीं, तोंच फिल्म चिमट्यानें उचलून पाण्यांत व मग हायपोंत सोडावी. हट्टी मुलाप्रमाणें या फिल्मवरही धाकापेक्षां सौम्यपणाचा उपाय चालतो; मात्र लक्ष क्षणभरही ढळतां कामा नये.

निगेटिव्ह थोडी कडक उतरली तरी ती टाकूं नये. सर जॉन हर्शेल यांनीं 1842 सालीं शोधून काढलेल्या सायनोटाइप पद्धतीस अशीच निगेटिव्ह मानवते. लोहक्षारांचा लेप दिलेल्या कागदावर ती ठेवून उन्हांत धरावी, आणि कागद साध्या पाण्यानें धुवावा, कीं निळें चित्र तयार होतें.

शेवटीं एवढेंच सांगावयाचें कीं, प्रत्येक वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि वेळ, ऊन व पाण्याचें प्रमाण वहींत टिपून ठेवावें. फिल्म स्वस्त असल्यानें चुकण्याची भीति नाहीं; चूक कशानें झाली हें मात्र कळलें पाहिजे.