घरातला ससा जातो तेव्हा

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या घरातला ससा गेला. नाव कापूस, वय सहा वर्षे. तीस वर्षे माणसांची दुखणी तपासणारा मी, पण कापसाने खाणे सोडले तेव्हा 'थंडीने असेल, उद्या खाईल' असे म्हणून दवाखान्यात निघून गेलो. ती चूक वाचकांच्या घरी होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

सशाचे आतडे सतत चालू राहावे लागते. माणसाने एक दिवस उपास केला तर बिघडत नाही, सशाने दहा-बारा तास तोंडाला काही लावले नाही तर ते दुखणे तातडीचे समजावे. आधी लेंड्या बारीक होतात, मग थांबतात, पोट फुगते. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे तीही सुटका नाही. शिवाय हा दुसऱ्यांची शिकार होणारा प्राणी. दुखणे लपवणे त्याच्या स्वभावातच आहे. कोपऱ्यात अंग आखडून बसला, दात करकर वाजवू लागला, की दुखते आहे असे धरावे.

खाणे का सुटते? पुष्कळदा दातांमुळे. सशाचे दात आणि दाढा जन्मभर वाढतात आणि वाळलेले गवत चावून चावून झिजतात. आम्ही लाडाने बिस्किटे दिली, पोळी दिली, गाजरे तर रोज. दाढांना टोके आली, जीभ सोलली गेली. पशुवैद्यांनी तोंड उघडून दाखवले तेव्हा मला खाली बघावे लागले. सलाईन, वेदनाशामक, पिचकारीने पातळ अन्न, सगळे केले. पण दोन दिवस उशीर झाला होता. आणखी एक सांगून ठेवतो. घरात उरलेली अमॉक्सिसिलिनची गोळी सशाला कधीही देऊ नका. त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू त्याने मरतात, आणि ससाही दगावू शकतो.

पुढचे दुखणे आमचे. सौ. सकाळी कोथिंबीर निवडताना देठ बाजूला काढत राहिली. शेजारी म्हणाले, "ससाच तर होता!" हे वाक्य कृपा करून कोणाच्या घरी बोलू नये. पंधरा-वीस दिवस जेवण कमी जाणे, रात्री जाग येणे, 'मी लवकर न्यायला हवे होते' असे मनाला लागणे, यात वेडेपणा काही नाही. मात्र महिना उलटूनही झोप लागत नसेल, कामात मन नसेल, तर डॉक्टरांना भेटावे. एकटे राहणाऱ्या वृद्धांकडे तर जास्तच लक्ष ठेवावे; कित्येकदा त्यांचे दिवसभराचे बोलणे त्या प्राण्याशीच असते.

मुलांना 'तो झोपला' असे सांगू नये. लहान मुले मग स्वतः झोपायला घाबरतात. माझ्या सात वर्षांच्या नातीला मी सरळ सांगितले, की कापूस मेला, आता परत येणार नाही. ती खूप रडली. मग विचारले, "आजोबा, मी बिस्किटं दिली म्हणून?" मी म्हणालो, "नाही गं, बिस्किटं आणली मी. चूक माझी."

परसात सीताफळाखाली, कुत्री उकरणार नाहीत असा खोल खड्डा केला. तिने स्वतः मूठभर गवत आत ठेवले. दुसरा ससा लगेच आणा, असे सगळे सांगतात. पिंजरा धुऊन माळ्यावर ठेवला आहे. ती मागेल तेव्हा पाहू.