एक्सा ब्लेड घेताना: आधी दाते, मग किंमत

आजचा विषय अगदी छोट्या वस्तूचा आहे. कुणी तिला हॅक्सॉ ब्लेड म्हणतं, कुणी एक्सा ब्लेड. आपण आज एक्सा ब्लेडच म्हणू. घरच्या कामात वारंवार बदलावं लागणारं हे पान, पण ते निवडताना फारसा विचार कुणी करत नाही. “एक ब्लेड द्या” म्हणायचं आणि दुकानदार देईल ते घ्यायचं. मग अर्ध्या पाइपातच दाते गळतात, नाहीतर ब्लेड कडकन तुटतं आणि बोटं सोलवटतात. आपण म्हणतो, माल हलका निघाला. पुष्कळदा माल ठीक असतो, ब्लेड मात्र दुसऱ्याच कामाचं असतं.

ब्लेडवर काय छापलंय ते आधी वाचू. ३०० × १२.५ × ०.६३ असं काहीतरी असतं. ३०० मिलिमीटर, म्हणजे बारा इंच, हे टोकाच्या दोन भोकांमधलं अंतर. २५० चंही ब्लेड मिळतं. फ्रेम सरकती असेल तर दोन्ही चालतात. पुढचे दोन आकडे रुंदीचे आणि जाडीचे. त्यांच्याबरोबर १४, १८, २४ किंवा ३२ असा एक आकडा असतो. एका इंचात किती दाते, ते तो सांगतो. आपलं अर्धं काम या आकड्यात आहे.

नियम सोपा आहे. कापायच्या जाडीत एका वेळी निदान तीन दाते बसले पाहिजेत. कमी बसले तर पत्र्याची कड दोन दात्यांच्या मधल्या खाचेत अडकते, आपण जोर लावतो आणि दाता तुटतो. एक तुटला की शेजारच्यावर भार येतो, मग तोही जातो.

आता आपल्याकडची कामं घेऊ. घराचा अर्धा इंची जीआय पाइप, बी क्लासचा, साधारण २.६ मिलिमीटर जाड असतो. १८ दात्यांच्या ब्लेडचे त्यात दोन दातेही धड बसत नाहीत. २४ चे अडीच बसतात, ३२ चे तीन. म्हणून पाइपाला २४ किंवा ३२, आणि कापताना पाइप थोडा थोडा फिरवत राहायचा. गेटाचा अँगल पाच मिलिमीटरचा असेल तर १८ पुरे. खिडकीची अॅल्युमिनियमची पट्टी, पन्हळीचा पत्रा यांना ३२. पत्रा एक मिलिमीटरचाच असेल तर ३२ चेही तीन दाते बसणार नाहीत. अशा वेळी तो दोन फळ्यांमध्ये दाबून फळ्यांसकट कापायचा.

मग सगळीकडे ३२ च का वापरू नये? कारण जाड सळईत बारीक दात्यांच्या खाचा किसाने भरतात. मग ब्लेड कापत नाही, नुसतं घसरतं. इंचभर जाडीच्या भरीव सळईला १४ किंवा १८ बरं.

दुसरा प्रश्न पोलादाचा. कार्बन स्टीलचं ब्लेड स्वस्त असतं, पण घासून तापलं की त्याचं पाणी लवकर उतरतं, दाते मऊ पडतात. हायस्पीड स्टील तापूनही टणक राहतं. टेलर आणि व्हाइट या दोघांनी अमेरिकेत बेथलेहेम स्टीलमध्ये ही गोष्ट साधली आणि १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात जगाला दाखवली. पण संपूर्ण ब्लेडला पाणी दिलेलं असेल तर ते काचेसारखं तुटतं. हात जरा वाकडा गेला की तुकडे उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. घरच्या माणसाला दोन पर्याय सोयीचे. एक फ्लेक्सिबल ब्लेड, ज्यात फक्त दात्यांना पाणी दिलेलं असतं. दुसरं बायमेटल, ज्यात लवचीक पाठीला हायस्पीड स्टीलची दात्यांची पट्टी जोडलेली असते. स्टेनलेस स्टील कापायचं असेल तर बायमेटलच घ्या. तिथे हात सावकाश आणि दाब सतत ठेवा. नुसतं घासत बसलात तर स्टेनलेस जास्तच टणक होतं.

दाते खरंच टणक आहेत का, हे घरी पाहता येतं. टोकाच्या दात्यावर कानस फिरवा. कानस सहज लागली तर दाते मऊ. आपल्या रत्नागिरीच्या एमआयडीसीत जे. के. फाइल्सच्या कारखान्यात कानशी बनतात. तिथलंही तत्त्व हेच: कापणारं हत्यार कापल्या जाणाऱ्या धातूपेक्षा टणक हवं. दुकानात मात्र रंगावर जाऊ नका. ब्लेड कडेकडून डोळ्यासमोर धरा. पान सरळ आहे का? दाते दोन्ही बाजूंना सारखे वळलेले आहेत का? या वळणामुळेच काप पानापेक्षा रुंद पडतो आणि ब्लेड अडकत नाही.

आणि गंज. रत्नागिरीत पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, शिवाय समुद्राचा खारा वारा. दात्यांच्या धारेवर गंज धरला की नवं ब्लेडही बोथट. तेव्हा स्वस्त मिळतात म्हणून डझनभर आणून ठेवण्यात फायदा नाही. लागतील तेवढीच आणा, तेलाचा बोळा फिरवा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा.

बसवताना दाते पुढच्या दिशेला हवेत, कारण कापण्याचं काम पुढे ढकलताना होतं. विंग नट हाताने घट्ट करा. ढिलं ब्लेड वाकतं, काप तिरका जातो आणि शेवटी ब्लेड तुटतं. मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्या पुरेत. आणि एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. अर्ध्या कापात ब्लेड बदललं तर नवं त्याच खाचेत घालू नका. जुन्या, झिजलेल्या दात्यांनी पाडलेली खाच अरुंद असते. नवं ब्लेड तिथे अडकून तुटतं. काम शेगड्यात उलटं धरा आणि दुसऱ्या बाजूने सुरुवात करा.

तर मंडळी, साध्या घरच्या कामाला १८, २४ आणि ३२ अशी तीन ब्लेडं जवळ असली की बहुतेक सगळं निभतं. पुढच्या वेळी दुकानात “एक ब्लेड द्या” म्हणू नका. काय कापायचंय आणि ते किती जाड आहे, ते आधी सांगा. चांगला दुकानदार लगेच दाते मोजून ब्लेड काढून देईल.