दर्शनी भागाचे अर्थशास्त्र

सोनईपासून जवळच असलेल्या शनिशिंगणापुरात घरांना दारे न लावण्याची परंपरा आहे. २०११ साली तेथे युको बँकेने शाखा उघडली, तेव्हा तिच्या कुलूपविरहित दाराची बातमी देशभर झाली. मात्र याच पंचक्रोशीतील शेतकऱ्याला वा विद्यार्थ्याला आज ज्या दारांतून जावे लागते, ती मोबाईलच्या पडद्यावर आहेत. आणि ती उघडी असूनही आत शिरता येत नाही, असा अनुभव थोडाथोडका नाही.

माहिती साठविणारी, हिशेब ठेवणारी यंत्रणा पडद्यामागे असते. नागरिकाच्या वाट्याला येतो तो तिचा दर्शनी भाग : अक्षरे, रकाने, बटणे, सूचना. हा भाग घडविणाऱ्या तंत्रज्ञाचे काम म्हणजे केवळ रंगसफेदी, असे समजण्याची आपल्याकडे प्रथा पडली आहे. ती महागात पडणारी आहे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीचे उदाहरण घ्यावे. पूर्वी तलाठी करीत असे ती पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, छायाचित्रासह करावी, ही कल्पना स्तुत्यच. परंतु असे काम चालते ते भर दुपारी, उसाच्या बांधावर, स्वस्तातल्या मोबाईलवर. फिकट करडी अक्षरे वातानुकूलित कचेरीत सुबक वाटतात. उन्हात ती दिसतच नाहीत. सामान्य आकाराचे अक्षर व त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक २००८ पासून आहे. तो पाळावयास पैसा लागत नाही, आठवण लागते.

दुसरा अनुभव वर्गातला. एका विद्यार्थिनीने शिष्यवृत्तीचा अर्ज तासभर खपून भरला. उत्पन्नाचा दाखला शोधावयास ती उठली आणि परत येऊन पाहते तो वेळ संपलेली, सारे रकाने कोरे! वस्तुतः वेळ संपण्यापूर्वी सूचना द्यावी व साध्या कृतीने ती वाढविण्यास किमान २० सेकंद द्यावेत, हेही त्याच दंडकात आहे. अखेर तिने पैसे मोजून दुसऱ्याकडून अर्ज भरून घेतला. सोबत गेलेल्या वडिलांचा रोज बुडाला, तो वेगळाच.

हा खर्च कोणत्या ताळेबंदात दिसतो? कोठेच नाही. रचनेवरचे श्रम वाचले, ती बचत करणाऱ्याच्या वहीत जमा होते आणि तिचा बोजा सहस्रावधी लोकांच्या वेळेवर पडतो. कारखान्याने सांडपाणी ओढ्यात सोडावे व खालच्या गावाने ते सोसावे, तसाच हा प्रकार. कर भरणाऱ्याच्या सोयीने वसूल व्हावा, हे तत्त्व ॲडम स्मिथने १७७६ मध्येच मांडले होते. अर्जाला ते लागू नसावे, हे नवलच. सर्वोच्च न्यायालयाने तर एप्रिल २०२५ मध्ये, डोळ्यांची उघडझाप करून ओळख पटविण्याच्या अटीमुळे अडलेल्या अंध व आम्लहल्लाग्रस्त व्यक्तींच्या प्रकरणी, अशा सेवांपर्यंत पोहोचणे हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला.

संगणक शिकणाऱ्या काही मुलांना मी सुचविले, की तयार केलेले पान बाजारच्या दिवशी एखाद्या अनोळखी माणसाच्या हाती द्यावे आणि आपण गप्प उभे राहावे. पहिल्याच आजोबांनी विचारले, ‘‘बाळांनो, हे सबमिट म्हणजे काय?’’ मुलांनी त्या रात्री तेथे ‘अर्ज पाठवा’ असे लिहिले.