रात्री दहानंतरचे राग

डिसेंबरची थंडी, खांद्यावर शाल, मांडवातील भारतीय बैठक आणि भैरवीच्या सुरांबरोबर उजाडणारी सकाळ, ही अनेक वर्षे पुण्याच्या सांस्कृतिक जीवनाची ओळख होती. सवाई गंधर्व महोत्सवाचा हा रात्रजागर आता इतिहासजमा झाला आहे. महोत्सव दुपारी सुरू होतो आणि एरवी रात्री दहाच्या ठोक्याला थांबतो. या बदलाचे मूळ ध्वनिप्रदूषणविषयक कायद्यात आहे.

किराणा घराण्याचे गायक रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व यांचे १९५२ मध्ये निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ पुढील वर्षी सुरू झालेला हा महोत्सव त्यांचे शिष्य पं. भीमसेन जोशी यांनी आर्य संगीत प्रसारक मंडळातर्फे नावारूपाला आणला. २०११ मध्ये भीमसेनजींचे निधन झाल्यानंतर त्यांचेही नाव महोत्सवाला जोडण्यात आले.

केंद्र सरकारने २००० मध्ये ध्वनिप्रदूषण नियम लागू केले. त्यानुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकास बंदी आहे. सभागृहासारख्या बंदिस्त जागा यातून वगळलेल्या आहेत; मैदानावरील मांडवास मात्र ही मुभा नाही. २००२ च्या दुरुस्तीने सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठी वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला मिळाला. ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरविली. मात्र गणेशोत्सव आणि नवरात्र यांसारखे उत्सवही याच मोजक्या दिवसांचे वाटेकरी असल्याने महोत्सवाच्या पदरी साधारणतः शनिवारची एकच रात्र पडते, तीही बारापर्यंतच.

प्रश्न केवळ हौसेचा नाही. हिंदुस्थानी संगीतात रागांच्या वेळा परंपरेने ठरलेल्या आहेत. बिहाग, बागेश्री रात्रीच्या दुसऱ्या प्रहरी, दरबारी कानडा मध्यरात्रीच्या सुमारास, मालकंस त्यानंतर, तर सोहनी आणि ललत पहाटेकडे झुकताना गायले जातात. मैफल दहाला संपली की यांतील बहुतेक राग एकतर अवेळी गावे लागतात किंवा वगळावे लागतात. ‘मालकंस’ त्याच्या खऱ्या वेळी, जाणत्या कलाकारासमोर बसून ऐकण्याची संधी नव्या पिढीतील श्रोत्यांना क्वचितच लाभते. त्यांची भिस्त ध्वनिमुद्रणांवरच राहते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. निवासी भागात रात्रीची ध्वनिमर्यादा ४५ डेसिबल आहे. परिसरातील रुग्ण, वृद्ध आणि विद्यार्थी यांच्या झोपेचा हक्क नाकारता येत नाही. ध्वनिमापक यंत्राला ख्याल आणि डीजे यांतील फरक कळत नाही. एकाला सूट दिली, तर दुसऱ्याला ती कोणत्या आधारावर नाकारायची, हा प्रशासनापुढील पेच आहे.

यावरचा मार्ग नियमातच दडलेला आहे. आवाज बाहेर जाऊ न देणाऱ्या बंदिस्त सभागृहात रात्रभर मैफल रंगू शकते. अडचण जागेची आहे. १९६८ मध्ये उभ्या राहिलेल्या बालगंधर्व रंगमंदिराची आसनक्षमता जेमतेम हजाराच्या घरात आहे, तर महोत्सवाला येणाऱ्या श्रोत्यांची संख्या याच्या कितीतरी पट असते. हजारोंना सामावून घेणारे ध्वनिरोधक सभागृह शहरात उभे राहत नाही, तोवर पुण्याच्या या उत्सवात रात्रीचे राग घड्याळाच्या काट्याकडे पाहतच गायले जातील.