गळ टाकण्याआधी तिथी बघा!

वीकेण्डला समुद्रावर मासे पकडायला जायचं ठरतंय? रॉड, डबा, गाडी, ग्रुपमधली भांडणं, सगळं नंतर. आधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा.

७ सप्टेंबर २०२५. लालबागचा राजा सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचला. नवा तराफा तयार, गर्दी तयार, फक्त समुद्र तयार नव्हता. पौर्णिमेची भरती चढली होती आणि मूर्ती काही तराफ्यावर जाईना. भरती-ओहोटीचं गणित जुळेपर्यंत अख्खा दिवस गेला, विसर्जन झालं ते रात्री नऊच्या सुमारास! १९३४ साली ज्याची स्थापना लालबागच्या कोळी बांधवांनी आणि छोट्या विक्रेत्यांनी बाजाराच्या नवसापोटी केली, त्या राजालाही दर्याने थांबायला लावलं. मग तुमच्या-आमच्या संडे प्लॅनची काय कथा!

आपण ऑफिसवाले सगळं रविवारच्या हिशेबाने ठरवतो. समुद्राला रविवार कळत नाही, त्याला चंद्र कळतो. गळाने मासे पकडायला कोकणात 'गरवणं' म्हणतात. गिरगाव-परळच्या चाळींत वाढलेल्या अनेकांनी हा शब्द मे महिन्याच्या सुट्टीत गावाला ऐकलेला असतो. तर मंडळी, गरवायला जायचं असेल तर पहिला प्रश्न 'कुठे' हा नाही, 'कधी' हा आहे. उत्तर चुकलं तर मासा हुकतोच, पण खडकावर असाल तर जिवावरही बेतू शकतं.

पाऊणपटीचा फंडा

आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब एकदम सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीन. अष्टमीला सहा आणि सहा. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. मुंबईत अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी त्या दिवसाचा भरती-ओहोटीचा तक्ता मोबाइलवर बघाच. पण महिनाभर आधी सुट्टी टाकायला तिथी पुरते.

दुसरी गोष्ट, पाणी किती चढणार? पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं. पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणात मुंबईची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस भांगाचे. तेव्हा भरती-ओहोटीतला फरक खूपच कमी होतो आणि प्रवाहही नरम असतो. डोळीचं जाळं लावून बोंबील पकडणाऱ्या कोळ्याला उधाणाचा जोरदार प्रवाह हवा असतो, तोच प्रवाह जाळ्यात मासे आणून टाकतो. गळवाल्याचं उलटं. त्याच प्रवाहात तुमचं शिसं तळाला ठरत नाही, दोरी वाहत जाते आणि पाणी गढूळ होतं ते वेगळंच. म्हणजे नाखव्याचा मस्त दिवस आपला वाया गेलेला असू शकतो.

बीच: चढत्या पाण्यात

पहिलीच वेळ असेल तर वाळूवरून सुरुवात करा. इथे भरती तुमची मित्र आहे. पाणी चढायला लागलं की मासे खाणं शोधत किनाऱ्याकडे सरकतात, आणि तुम्ही एकेक पाऊल मागे येत राहता. पौर्णिमेच्या आसपासचा रविवार असेल तर सकाळी सात ते अकरा हा वेळ बेस्ट!

गिरगाव किंवा दादर चौपाटीवर मात्र नको. भेळ खाणाऱ्या फॅमिलीच्या डोक्यावरून गळ फिरवणं काही बरं दिसत नाही. शिवाय जिथे नाल्याचं पाणी समुद्राला मिळतं तिथला मासा घरी नेण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा मांडवा गाठा. गेटवेवरून बोटी आहेत आणि मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट नेणारी रो-रो सेवाही सुरू झाली. तिथून किहीम, अलिबागच्या बाजूचा मोकळा किनारा आपलाच. मोऱ्याच्या लाँचने उरणकडे जाणार असाल तर आणखी एक लक्षात ठेवा. मोठ्या ओहोटीला जेट्टीपाशी गाळ उघडा पडतो आणि लाँच लागत नाही. परतीची वेळही तिथीप्रमाणेच ठरवायची.

खडक: उतरत्या पाण्यात, नाहीतर नाहीच

खडकाच्या कपारीत तांब, गोबरा, वाम असे दमदार मासे असतात, त्यामुळे हौशी मंडळींचा जीव खडकात. आणि धोकाही तिथेच. का, ते आकड्यांत बघा. भरतीचं पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. समजा ओहोटी-भरतीत चार मीटरचा फरक आहे. पहिल्या तासात पाणी जेमतेम फूटभर चढतं. तुम्ही म्हणता, अजून खूप वेळ आहे. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र तेच पाणी तासाला एक मीटर चढतं, म्हणजे तीन फुटांहून जास्त! त्यातही तुम्ही उभे असलेला खडक कोरडाच असतो, आधी भरते ती तुमच्या पाठीमागची घळ. मागे वळून बघेपर्यंत परतीची वाट गेलेली असते.

हे पावसाळ्यातच होतं असं समजू नका. जानेवारी २०१६ मध्ये, ऐन थंडीत, बॅण्डस्टँडच्या खडकांवरून तीन मुली पाण्यात पडल्या. त्यातली एक आणि त्यांना वाचवायला उडी मारणारा माणूस, दोघंही परत आले नाहीत.

म्हणून नियम एकच. भरती पूर्ण झाल्यावर, पाणी उतरायला लागलं की खडकावर जायचं आणि ओहोटी पूर्ण व्हायच्या आत निघायचं. अष्टमी-नवमीचा दिवस यासाठी सही. सकाळी सहा-सातला भरती, दुपारपर्यंत पाणी उतरतं, वर भांगाचा नरम प्रवाह. मरीन ड्राइव्ह आणि वरळीचे टेट्रापॉड कुठल्याच तिथीला नकोत. ते शेवाळाने गुळगुळीत असतात, आणि मधल्या फटीत पडलेल्या माणसाला वर काढणं महाकठीण. आणि हो, हा किनारा आपला एकट्याचा नाही. कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या वसाहती हलवाव्या लागल्या होत्या. पायाखाली जिवंत काही असेल तर जपून.

पाणी कसं चढतं ते फुकटात बघायचं असेल तर हाजी अलीला थांबा. दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीत पाण्याखाली जाते. एकदा तासभर बघाल तर जन्मभर विसरणार नाही.

बोट: नाखवा म्हणेल ती पूर्वदिशा

बोटीने जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि शक्यतो भांगाचे दिवस. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, तेव्हा कोणी 'चला, गुपचूप नेतो' म्हणालं तरी सरळ नाही म्हणा. मासेमारीची बोट आणि प्रवासी बोट यांचे परवाने वेगळे असतात. माणसं न्यायचा परवाना आहे का, हे भाड्याची घासाघीस करण्याआधी विचारा. २००८ च्या हल्ल्यातले अतिरेकी समुद्रातूनच आले होते, तेव्हापासून किनाऱ्यावर चौकशी असते. ओळखपत्र खिशात हवंच.

लाइफ जॅकेट घालायचं म्हणजे अंगात घालायचं, उशाला नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि दहाहून जास्त जीव गेले. दिवसाढवळ्या, शांत समुद्रात. वारा आणि लाटांचा अंदाज हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था रोज देते. तो बघा, आणि तरीही नाखवा 'आज नको' म्हणाला तर वाद घालू नका.

बॅगेत काय?

पहिल्या ट्रिपला महागडा रॉड घ्यायची गरज नाही. पाण्याच्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, दोन-तीन मापांचे गळ, शिसं, पकड आणि आमिषाला कोळंबी. एवढ्यावर वाळूत मुडदुशी, ढोमा लागतात. घरून 'पापलेट आण' अशी ऑर्डर आली असेल तर बाजारातूनच न्या, तो जाळ्याचा मासा आहे. शिंगाळा लागला तर उघड्या हाताने धरू नका, काटे जाम लागतात. पाखटाची नांगी त्याहून वाईट. २०१३ च्या विसर्जनात गिरगाव चौपाटीवर अनेकांनी ती अनुभवली. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि डॉक्टर गाठा. एक थर्मास गरम पाणी चहापुरतंच नसतं!

छोटा मासा आला तर परत सोडा. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान माप ठरवून दिलं, पापलेटला ते १३५ मिलिमीटर आहे. आपण हौसेला पकडतो, त्याच पाण्यावर वरळी, माहीम, कुलाब्याचे कोळीवाडे पोट भरतात. तुटलेला तंगूसही घरी आणा, त्यात पक्षी आणि कासवं अडकतात.

आता कॅलेंडर उघडा आणि येत्या दोन महिन्यांतल्या अष्टम्यांवर पेनाने गोल करा. एखादी रविवारी आली तर ग्रुपवर लगेच मेसेज टाका. बुधवारी आली तर? सरळ बुधवारची सुट्टी टाका. बॉसला मनवता येतं, भरतीला नाही.