नानकटाईचे पत्रे, चेतकची डिकी

राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ १९७० साली पडद्यावर आला आणि नव्याने लग्न झालेल्या जोडप्याची अडचण मराठी प्रेक्षकांनी हसत हसत, पण पुरती ओळखून पाहिली. घर लहान, माणसं भरपूर, दोन शब्द बोलायचे तरी आडोसा नाही. दोनच वर्षांनी बासू चटर्जींनी हीच गोष्ट ‘पिया का घर’ या नावाने हिंदीत नेली. पुण्याच्या वाड्यांमध्ये जागा थोडी अधिक असेल, एकांताची चणचण मात्र तीच. दोन खोल्यांचं बिऱ्हाड, स्वयंपाकघरात सासूबाई, बाहेरच्या खोलीत सासरे आणि अभ्यासाला बसलेला दीर, चौकात सगळ्यांचा मिळून एक नळ. अशा घरातून नवरा-बायकोला मिळून बाहेर पडायचं तर निमित्त लागे. देवदर्शन हे एक, मंडई हे दुसरं. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या सुट्टीत मिळणारं तिसरं निमित्त म्हणजे बेकरी.

मध्यमवर्गीय मराठी घरातल्या बेकिंगची गेल्या पन्नास-साठ वर्षांची हकिगत ओव्हनच्या अंगाने सांगता येते. पण मग त्यातली माणसं निसटतात. केक, बिस्किटं, नानकटाई हे पदार्थ रोजच्या जेवणातले कधीच नव्हते. ते सवडीचे होते, कौतुकाचे होते आणि बहुतेक वेळा दोघांनी मिळून करायचे होते. एकाने फेसायचं, दुसऱ्याने मोजायचं; एकाने सायकल धरायची, दुसऱ्याने डबा सांभाळायचा. संसारातली बरीचशी कामं ज्याची त्याला वाटून दिलेली असताना हे एक काम दोघांचं राहिलं, आणि त्याला लागून एखादी छोटी सहलही घडत गेली.

बिस्किटं आणि नानकटाई ‘पाडून आणायची’ पद्धत पुण्यात, सांगली-साताऱ्याकडे, कोल्हापुरात, सगळीकडेच होती. मैदा, पिठीसाखर, वनस्पती तूप आणि वेलदोड्याची पूड घरून न्यायची. कुणी त्यात मूठभर रवा घाली, कुणी बेसन. बेकरीवाला किलोमागे मजुरी घेई. भट्टी लाकडाची, विटांची. पहाटे पाव भाजून निघाले की जाळ ओढून घेतलेला असे, पण तापलेल्या विटा पुढे कितीतरी तास ऊब धरून राहत. त्या उतरत्या आचेवर दुपारी लोकांचे पत्रे लागत. नानकटाईला हीच आच मानवते. तिच्या पिठात पाण्याचा थेंब नसतो, सगळी मळणी तुपावरच. त्यामुळे मैद्यात चिवटपणा येत नाही आणि गोळा तोंडात टाकला की विरघळतो. आच प्रखर असेल तर मात्र गोळे बाहेरून करपतात आणि आत कच्चे राहतात.

बेकरीच्या मागच्या अंगाला बायका पोतं अंथरून बसत. परातीतला गोळा तळहातावर वळायचा, काळ्या पत्र्यावर ठेवायचा, शेजारच्याशी बोटभर अंतर सोडायचं, अंगठ्याने मध्ये हलकं दाबायचं आणि त्या खळग्यात चारोळीचा दाणा. पत्रा भरला की कोपऱ्यात नावाची चिठ्ठी. मग भट्टीवाला लांब दांड्याच्या फळीवर पत्रा घेऊन आत सरकवी आणि दहा-पंधरा मिनिटांनी तोच पत्रा फिरवून पुन्हा आत लावी, कारण भट्टीची मागची बाजू नेहमीच जास्त तापलेली. भाजायला वेळ थोडा, नंबर लागायला मात्र दोन-दोन तास. तो वेळ जोडप्यांचा. समोरच्या इराण्याकडे अर्धा अर्धा कप चहा, नाहीतर नुसताच रस्त्याच्या कडेने एक फेरफटका. घरी कुणी विचारलं, इतका उशीर का, तर बेकरीतल्या गर्दीचं उत्तर तयार. गरम नानकटाई निवल्याशिवाय डब्यात भरता येत नाही, हे कारण त्याहून पक्कं होतं, आणि शंभर टक्के खरंही.

लष्कर भागातली दुनिया वेगळी होती. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ पासूनची. तिथली श्रूजबेरी बिस्किटं आणि मावा केक आणायला सदाशिव पेठेतून निघणं म्हणजे अर्ध्या दिवसाची मोहीम असे. नाताळच्या आठवड्यात लष्करातली दुकानं बघायला जाणं हाही कितीतरी पेठी घरांतला ठरलेला कार्यक्रम. मुंबईकरांना अशी ठिकाणं जास्त होती. धोबी तलावाचं कयानी १९०४ चं, ग्रँट रोड स्टेशनजवळचं मेरवान १९१४ चं. मेरवानचा मावा केक सकाळी लवकर गेलं तरच मिळतो, हे गिरगावातल्या पोरांनाही ठाऊक होतं.

घरात केक करायचा तर साधनं तुटपुंजी. ॲल्युमिनियमचं केकचं भांडं मिळे: खाली वाळूची थाळी, तिच्यावर मधोमध नळी असलेलं गोल भांडं, वर काच बसवलेलं झाकण. वाळूमुळे स्टोव्हची आच एका जागी न लागता सगळीकडून सारखी लागते, आणि मधल्या नळीमुळे केक आतूनही शिजतो. १९५९ च्या सुमारास हॉकिन्स आणि प्रेस्टिजचे कुकर भारतात तयार होऊ लागले आणि सवडीने घरोघरी पोचले. मग शिट्टी आणि रबरी रिंग काढून ठेवलेला कुकर हाच ओव्हन झाला. तळाशी वाळू किंवा जाडं मीठ, त्यावर स्टँड, त्यावर डबा. शिट्टी काढायची ती वाफ कोंडू नये म्हणून. कोंडली तर केकचा ढोकळा होतो. बेकिंग पावडर पुण्याचीच, १९५६ साली सुरू झालेल्या वीकफिल्डची. कस्टर्ड पावडरचा तिचा डबा रिकामा झाला की त्यात मोहरी भरली जाई.

मोठा प्रश्न अंड्याचा. पुष्कळ घरांत अंडं उंबऱ्याच्या आत येत नसे. आलंच तर वेगळं पातेलं, वेगळा चमचा आणि जागा गॅलरीतली. म्हणून रव्याचा बिनअंड्याचा केक मराठी घरात इतका रुजला. रवा, दही, साखर, थोडं लोणी किंवा तूप, वेलदोडा. रवा दह्यात भिजत ठेवायचा, तो फुगून आला की शेवटी सोडा. दह्याची आंबट धार सोड्याला भेटली की लगेच फेस येतो आणि तिथून पुढे घाई करायची असते. मिश्रण ओट्यावर रेंगाळलं तर वायू उडून जातो आणि केक बसतो. घरचं लोणी आणि साखर फेसायचं काम मात्र नवऱ्याकडे. एकाच दिशेने फेस, अशी बजावणी सगळ्या बायका करत. दिशेपेक्षा वेळ महत्त्वाचा असतो. साखरेचे खडे लोण्यात हवा कोंडतात आणि त्याच हवेवर पुढे केक फुलतो. वीस मिनिटं पातेलं मांडीत धरून फेसणाऱ्या माणसाला स्वयंपाकघरात बसायची मुभा मिळे, आणि सासूबाईंनाही त्यात गैर दिसत नसे. एरवी सकाळी दहाला सायकलवर टांग मारून कचेरीत जाणाऱ्या गृहस्थाला बायको दिवसभर काय काय करते हे जवळून बघायची ही चांगली संधी होती.

‘मुंबईचा जावई’ आला त्याच १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं. तोळे-मासे आणि अंदाजपंचे यांच्या जागी वाटी आणि चमचा हे माप त्यांनी पक्कं केलं. या पुस्तकाचं श्रेय एरवी पोळी-भाजीच्या संदर्भात सांगितलं जातं. बेकिंग शिकणाऱ्या पिढीलाही त्याचा मोठा आधार झाला असणार, कारण भाजीत तिखट पुढे-मागे झालं तरी भागतं, केकमध्ये सोडा पुढे-मागे झाला तर सगळं मुसळ केरात. मापाने स्वयंपाक करायची सवय लागलेली बाई केकला घाबरत नाही.

आणि मग १९७२ साल. आकुर्डीच्या बजाजने चेतक आणली, अरुण फिरोदियांच्या कायनेटिकने पन्नास सीसीची लूना आणली. चेतकचा नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबावं लागे. लूना आटोक्यातली होती. चढ आला की पायडल मारायचं. पुणेरी संसारात या दोन गाड्यांनी जेवढी मोकळीक आणली तेवढी दुसऱ्या कुठल्या वस्तूने आणली असेल असं वाटत नाही. रविवारी सकाळी घरातलं उरकून जोडपं निघालं की दुपारी खडकवासल्याच्या काठाला. चेतकच्या डिकीत स्टीलचा डबा, डब्यात रव्याच्या केकच्या वड्या.

सहलीला केक का, याला चांगलं कारण आहे. तो सांडत नाही, गरम करावा लागत नाही, हात बरबटत नाहीत आणि दोन दिवस सहज टिकतो. पुरी-भाजीचा डबा उघडला की पंगत मांडावी लागते. केकची वडी गाडीला टेकून उभ्या उभ्या खाता येते. घरून निघताना आदल्या रात्रीचं काम संपलेलं असतं, हे त्याहून मोठं. कारण सहल म्हटली तरी सकाळी लवकर उठून डबे भरायचे ते बाईनेच, आणि परत आल्यावर ते घासायचेही तिनेच. रात्री दोघांनी मिळून केलेला केक हा त्या रहाटगाडग्यातून तिला मिळालेला खरा आराम होता.

ठिकाणं साधीच होती. पर्वतीच्या पायऱ्या. सारसबागेतला तळ्यातला गणपती आणि बाहेरची भेळ. मुलं झाली की पेशवे पार्कातली १९५६ पासून धावणारी फुलराणी. आई-बापांनी बाकावर बसायचं, गाडी वळसा घालून आली की हात करायचा. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमधलं फुलांचं प्रदर्शन. पावसाळ्यात सिंहगड. पायथ्याला गाडी लावून चढायचं आणि वर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही. गडावर जेवणाची इतकी चांगली सोय असताना घरचा केक कशाला न्यायचा, असं कुणी म्हणेल. तो उतरताना लागतो. गुडघे बोलायला लागलेले असतात, धुकं असतं, आणि वाटेतल्या दगडावर बसून खाल्लेल्या त्या गोड वडीने उरलेला अर्धा गड निभतो.

पुढची दोन दशकं भराभर गेली. १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, तीही पुण्यातूनच. तिच्या जाहिरातींनी अंड्याभोवतीचा संकोच बराच सैल केला. ज्यांचा झाला नाही त्यांच्यासाठी कंडेन्स्ड दुधाचा डबा होता. १९९३ पासून संजीव कपूर ‘खाना खजाना’मधून घरात बोलू लागले. फ्लॅटच्या ओट्यावर आधी झाकणाला काच असलेला गोल विजेचा ओव्हन, मग चौकोनी ओटीजी, मग मायक्रोवेव्ह. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये केक फुलतो पण खमंग होत नाही, कारण पृष्ठभाग तापून तांबूस व्हायला लागणारी कोरडी आच त्यात नसते. हे कळेपर्यंत बरेच पांढरेफटक केक मुकाट्याने खाल्ले गेले. भारनियमनाच्या वर्षांत तर निमशहरी गावांत ओव्हन घेतलेल्यांनीही कुकर आणि वाळू माळ्यावर टाकली नाही, आणि ते शहाणपणाचं ठरलं.

ओव्हन घरात आला आणि बेकरीपर्यंतची फेरी सुटली. हा तोटा फारसा कुणी मोजला नाही, पण तो झाला. दिवाळीत शेजारणी-शेजारणींचे पत्रे एका भट्टीत लागत, कुणाची नानकटाई खुसखुशीत झाली हे तिथल्या तिथे कळे, एकीच्या चिठ्ठीवर दुसरीचा पत्रा घरी जाई आणि तो परत द्यायच्या निमित्ताने ओळख वाढे. जोडप्यांना आता आडोशासाठी बेकरी लागत नव्हती, दार लावता येत होतं. वाढदिवसाचा केकही क्रीमचा, दुकानातून येऊ लागला. केक करणं पुष्कळ घरांत मुलांच्या सुट्टीतल्या छंदापुरतं उरलं.

मग मार्च २०२०. टाळेबंदी लागली, गड बंद, बागा बंद, सारसबागेच्या फाटकाला कुलूप. दोघंही चोवीस तास घरात, आणि बाहेर पडायचं निमित्त शोधायलाही बाहेर काही नाही. त्या उन्हाळ्यात गाजला तो बिस्किटांचा केक. बिस्किटं कुटायची, दुधात कालवायची, फ्रूट सॉल्टची एक पुडी घालायची आणि कुकरमध्ये ठेवायचं. बिस्किटात मैदा, साखर आणि तूप आधीच असतं. फ्रूट सॉल्टमध्ये सोडा आणि सायट्रिक आम्ल दोन्ही असल्याने ओल लागताच ते फसफसतं. वाण्याकडे जे सहज मिळत होतं त्यातून जन्मलेली ही कृती आहे, आणि तिला नाकं मुरडण्याचं कारण नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा रव्याचा केक तरी दुसऱ्या कशातून आला होता? आयुष्यात पहिल्यांदा पातेलं हातात धरलेल्या कितीतरी पुरुषांचा हा पहिला पदार्थ. त्यातले काही तिथेच थांबले नाहीत. घरून केक विकणाऱ्या जोडप्यांमध्ये ती भाजते आणि तो खोक्यात भरून पोचवतो ही वाटणी आता सर्रास दिसते, आणि कुठे कुठे ती उलटीही झालेली आहे.

२०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. तेव्हापासून नाचणी आणि ज्वारी घरच्या केकमध्येही जास्त दिसू लागली. नाचणीत गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून नुसत्या पिठाचा केक भुरभुरीत होतो आणि कापताना मोडतो. निम्मी कणीक आणि थोडं जास्तीचं दही घातलं की धरून राहतो. गूळ घालायचा तर किसून, दुधात नीट विरघळवून आणि गाळून, कारण त्यातले खडे ओव्हनमध्ये काळे पडतात. सिंहगडाच्या वाटेवर रविवारी सकाळी हल्ली पन्नाशी-साठीची जोडपी पुष्कळ दिसतात. त्यांच्यातल्या अनेकांना डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितलेली असते, आणि पाठपिशवीतल्या डब्यात हा काळपट, फार न फुगलेला, चवीला उत्तम केक असतो.