केळीवरची चिलटं, बोंडअळी आणि मोजण्याचं गणित

रावेर-यावलकडची केळी घरात जास्त पिकली की तिच्यावर बारीक चिलटं जमतात. आपण फडकं मारून हाकलतो. पुण्यात मात्र काही मुलं-मुली हीच चिलटं काचेच्या नळ्यांमध्ये पाळतात. त्यांना केळं, गूळ आणि ईस्टचं खाद्य देतात आणि प्रत्येक पिढीत किती जगली ते मोजून लिहून ठेवतात. पुण्याच्या आयसर या संस्थेत प्राध्यापक सुतीर्थ डे आणि त्यांचे विद्यार्थी हे काम करतात. शास्त्रज्ञ या चिलटाला फळमाशी म्हणतात.

तुम्ही म्हणाल, चिलटं मोजून काय मिळतं? जीवांची संख्या कशी वाढते, का कोसळते आणि पुन्हा का उसळते, हे त्यातून कळतं. या शास्त्राला गणिती परिसरशास्त्र म्हणतात. आपल्या पुण्याच्या माधव गाडगीळ यांनी १९६०च्या दशकात अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात जाऊन याच विषयात पीएच.डी. केली. विषय मोठ्या शाळेतला वाटतो, पण त्याचा हिशोब आपल्या कपाशीत रोज चालू असतो.

किडीचं चक्रवाढ व्याज

सावकाराचं व्याज कसं चढतं हे आपल्याला सांगायला नको. कीड तशीच वाढते. समजा, एका मादीमागे पुढच्या पिढीत १० माद्या जगल्या. मग १० च्या १००, १०० च्या १,००० आणि चौथ्या पिढीला १०,००० होतात. पहिल्या दोन पिढ्या डोळ्याला दिसत नाहीत. दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

नळीतल्या माशांचं आणखी एक दिसलं. मोठ्या माशांना खायला भरपूर आणि अळ्यांना कमी दिलं, तर माशा ढीगभर अंडी घालतात. अळ्यांची गर्दी होते, बहुतेक मरतात आणि पुढच्या पिढीत माशा थोड्याच उरतात. पण त्या थोड्यांच्या अळ्यांना खायला पुरतं, म्हणून संख्या परत उसळते. म्हणजे संख्या कमी झाली याचा अर्थ ती संपली असा नाही. कपाशीतही असंच धरून चाला. एका आठवड्यात कीड कमी दिसली म्हणून मोजणं सोडू नका.

फवारलं तरी कीड का वाढते?

पहिल्या महायुद्धात इटलीजवळच्या समुद्रात मासेमारी कमी झाली. युद्धानंतर एका अभ्यासकानं मासळी बाजाराच्या नोंदी तपासल्या, तर दुसरे मासे खाणाऱ्या शिकारी माशांचं प्रमाण वाढलेलं होतं. हे कसं झालं? त्याचे सासरे व्होल्टेरा हे गणिती होते. त्यांनी १९२६ मध्ये हिशोब मांडला. खाणारा आणि खाल्ला जाणारा दोघांनाही सारखंच मारत राहिलं, तर खाणारा घटतो आणि खाल्ला जाणारा उलट वाढतो.

आता हे कपाशीला लावा. मावा, तुडतुडे हे खाल्ले जाणारे. ढालकिडा, क्रायसोपा, कोळी हे त्यांना खाणारे, म्हणजे आपले मित्र. जहाल औषध दोघांनाही मारतं. मावा लवकर परत वाढतो, ढालकिड्याला वेळ लागतो. मग राखण करणारं कोणी उरत नाही, आणि पुढची फवारणी, पुढचा खर्च आपल्या माथी येतो.

ती छोटी पुडी

बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची बिगर-बीटी बियाण्याची पुडी यायची, आठवते का? शेताभोवती ५ ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, जे जास्त असेल तिथं ती लावायची होती. पुष्कळांनी ती बांधावर टाकून दिली. तिच्यामागेही गणितच होतं.

बीटी खाऊनही जगणारी अळी आधी लाखांत एखादी असते. बिगर-बीटी झाडांवर साधे पतंग भरपूर वाढले, तर त्या एखादीचा जोडा साध्याशीच जमतो आणि त्यांची पिल्लं बहुतेक बीटीवर मरतात. साधे पतंगच नसतील तर जगणाऱ्यांचा जोडा जगणाऱ्यांशीच जमतो. मग सगळी पिल्लं बीटी पचवणारी निघतात. २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं राज्यभर कपाशी खाल्ली. वेचणीला कवडी किती निघाली, हे वेचणाऱ्या बायांच्या बोटांना ठाऊक आहे. आता बऱ्याच पाकिटांत बिगर-बीटी बी मिसळूनच येतं.

गटात काय करता येईल?

१. एकरी २ कामगंध सापळे लावा. रोज सकाळी पतंग मोजा. सलग ३ दिवस एका सापळ्यात ८ किंवा जास्त आले तर सावध व्हा.

२. आठवड्यातून एकदा शेतभर फिरून वेगवेगळ्या २० झाडांची एकेक हिरवी बोंडं तोडा आणि चिरून पाहा. २ बोंडांत अळी असेल तर ते १० टक्के झालं. तेव्हाच फवारणीचा विचार करा. औषध कोणतं, ते कृषी सहायकांना किंवा पाल, ममुराबाद, धुळे इथल्या कृषी विज्ञान केंद्राला विचारा. दुकानदाराच्या सांगण्यावर जाऊ नका.

३. डोमकळी दिसली की तोडून नष्ट करा, खाली टाकू नका.

४. फरदड घेऊ नका. डिसेंबरअखेर कपाशी काढा, पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका. अळी त्यातच पुढच्या हंगामाची वाट पाहते.

एकटीनं मोजून भागत नाही, कारण पतंगाला बांध कळत नाही. शेजारच्या शेतातली पिढी आपल्याकडे येते. म्हणून गटाच्या दहा जणींनी दहा शेतं मोजावी आणि मीटिंगला बचतीच्या हिशोबाबरोबर पतंगांचे आकडेही वाचावे. आपण पै-पैचा हिशोब ठेवतो, तर ज्याच्यामुळे पैसा जातो त्याचाही ठेवू या.